कोळशाच्या ढिगाची मोजदाद : संमतीपत्रातील आकडा आणि जमिनीवरील साठा

मुरगाव बंदरात कोळशाचे जहाज लागले की पुढील काही दिवस धक्क्यामागील काळे ढीग वाढत जातात आणि रेल्वेच्या वाघिणी भरून घाटाकडे निघू लागल्या की ते हळूहळू उतरतात. हा कोळसा बहुतांशी परदेशांतून, विशेषतः ऑस्ट्रेलियातून, येणारा असून कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी तो कुळे व कॅसलरॉक या मार्गाने वर नेला जातो. बंदर आणि वास्को शहर यांच्यामध्ये म्हणण्यासारखे अंतर नाही. खारीवाड्यासारखी मच्छीमारांची वस्ती तर बंदराच्या लगतच आहे. त्यामुळे खिडकीच्या फळीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी ही तेथील रहिवाशांची जुनी तक्रार होय. २०१७ साली बंदरातील विस्तार-प्रकल्पांवर वास्को येथे जनसुनावण्या झाल्या, त्या वेळीही कोळशाच्या धुळीचा प्रश्न अग्रभागी होता.

अशा प्रत्येक वादात एक प्रश्न निघतोच : तेथे आज नेमका किती कोळसा पडून आहे? रहिवाशांच्या मते तो परवानगीपेक्षा पुष्कळ अधिक असतो. साठाधारकाच्या मते तो मर्यादेच्या आत असतो. दोघेही एकच ढीग पाहत असतात आणि बहुधा दोघांपैकी कोणीही तो मोजलेला नसतो. तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्यानेही 'साठा जास्त असल्याचे दिसून आले' एवढेच लिहिले, तर त्या वाक्याचा सुनावणीत काहीही उपयोग होत नाही. कोळशाच्या ढिगाची मोजणी कशी करतात, तीत चूक कोठे शिरते आणि कोणत्या चुकीचे वजन किती, याची माहिती यास्तव अधिकाऱ्यांस आणि नागरिकांसही असणे इष्ट आहे.

आकडा कशाचा?

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ याच्या कलम २१ अन्वये राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ उद्योगास संमतीपत्र देते व त्यात अटी घालते. कलम २४ अन्वये मंडळाने अधिकार दिलेल्या व्यक्तीस आवारात प्रवेश करून तपासणी करता येते. कोळशाच्या बाबतीत या अटी अनेक प्रकारच्या असू शकतात : वर्षाला किंवा दिवसाला किती टन हाताळावयाचा, एका वेळी किती टन साठवावयाचा, ढिगाची उंची किती असावी, साठ्याने किती जागा व्यापावी, पाण्याचा फवारा व आच्छादन कसे असावे इत्यादी.

यांतील पहिला प्रकार ढीग मोजून तपासता येत नाही, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. वर्षाला कितीही कोळसा आत-बाहेर झाला तरी एखाद्या दिवशी आवार रिकामे असू शकते. उलटपक्षी थोडाच कोळसा आला, पण रेल्वेच्या वाघिणी वेळेवर न मिळाल्यामुळे तो साचून राहिला, तर ढीग मोठा दिसतो. वार्षिक हाताळणीची तपासणी जहाजांच्या व रेल्वेच्या कागदपत्रांवरून करावयाची असते. ढीग फक्त एवढेच सांगतो की, मोजणीच्या त्या घटकेला तेथे किती कोळसा होता. म्हणूनच मर्यादा 'कोणत्याही वेळी' अशी आहे की 'महिन्याच्या सरासरीने' अशी आहे, हे संमतीपत्रात नीट वाचून मगच मोजणीस निघावे. कित्येक वाद येथेच मिटू शकतील, किंवा निदान ते मोजपट्टीने मिटणारे नव्हेत हे तरी कळून येईल.

रास आणि तिचा उतार

वाहक पट्ट्याच्या टोकावरून कोळसा एका जागी पडू दिला तर त्याची शंकूच्या आकाराची रास होते. वरून नवा कोळसा पडत राहतो, तो घरंगळतो, रास रुंद व उंच होते. पण तिच्या बाजूचा उतार मात्र जवळजवळ तोच राहतो. कोळशाच्या बाबतीत हा स्वाभाविक उतार जमिनीशी सर्वसाधारणतः ३५ ते ४० अंशांचा कोन करतो. हिशेबासाठी आडवे चार मीटर गेल्यास तीन मीटर चढ, म्हणजे सुमारे ३७ अंश, हे प्रमाण सोयीचे पडते.

राशीचा उतार तिच्या पदार्थावर अवलंबून असतो, हे ज्ञान नवे नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'लीलावती'त राशिव्यवहार नावाचे प्रकरणच आहे. धान्य जाडे असेल तर राशीच्या घेराचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा भाग आणि कुसळाचे असेल तर नववा भाग ही तिची उंची समजावी, आणि घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणले असता घनफळ मिळते, असा तेथील नियमांचा आशय आहे. आजच्या गणिताने पाहिल्यास या रीतीने घनफळ पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जास्त येते, कारण तीत परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. खळ्यावरच्या व्यवहाराला एवढी अचूकता पुरेशी होती. भास्कराचार्यांनी भिंतीला टेकलेली रास म्हणजे अर्धा शंकू, आतल्या कोपऱ्यातील म्हणजे पाव आणि बाहेरच्या कोपऱ्याभोवतीची म्हणजे पाऊण, असेही प्रकार हाताळले आहेत. बंदरावर किंवा कारखान्यात आधारभिंतीला रेलून ठेवलेला कोळसा हा यांतलाच प्रकार होय, आणि तेथे आजचा तपासनीसही हेच करतो.

कोळशाचा उतार तीनास चार धरला तर उंची घेराच्या आठव्या भागाहून किंचित कमी भरते. शंकूच्या आकाराच्या एका ढिगाचा पायथ्याचा घेर ९४ मीटर असला तर त्याची त्रिज्या सुमारे १५ मीटर, उंची सव्वाअकरा मीटर आणि घनफळ सुमारे २,६५० घनमीटर येते. परंतु येथे एक धोका आहे. केवळ घेरावरून घनफळ काढले असता त्रिज्या तीन वेळा गुणली जाते. म्हणून घेर मोजताना ५ टक्के चूक झाली तर उत्तरात जवळजवळ १६ टक्के चूक पडते. पायथ्याशी सांडलेला पातळ थर ढिगात धरावा की नाही, एवढ्यावरून ५ टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. यास्तव घेर व उंची ही दोन्ही स्वतंत्रपणे मोजावीत; एकीवरून दुसरी काढू नये.

लांबट ढीग

प्रत्यक्षात बंदरातील साठा शंकूंचा नसून लांबच लांब ढिगांचा असतो. त्याचा आकार चारी बाजूंनी उतरत्या कौलारू छपरासारखा असतो : वर एक लांब आढे, दोन्ही बाजूंना सरळ उतार आणि दोन टोकांना गोलाई. अशा ढिगाचे दोन भाग कल्पावेत. मधला भाग म्हणजे त्रिकोणी छेदाचा लोलक आणि दोन्ही टोके मिळून एक पूर्ण शंकू.

उदाहरणार्थ, एक ढीग पायथ्याशी १५० मीटर लांब, २४ मीटर रुंद आणि ९ मीटर उंच आहे असे समजू. छेदाचे क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर. दोन्ही टोकांचे बारा-बारा मीटर वजा जाता मधली लांबी १२६ मीटर राहते व तिचे घनफळ १३,६०८ घनमीटर होते. टोकांच्या शंकूचे १,३५७ घनमीटर त्यात मिळविले की एकूण १४,९६५ घनमीटर. एवढ्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक लांब फीत, कोन मोजण्याचे साधे यंत्र आणि दोन माणसे.

ढीग नेहमी असा सुबक नसतो हे खरे. एका बाजूने वाघिणी भरण्यासाठी तो उकरलेला असतो, माथ्यावर बुलडोझर फिरवून सपाट केलेला असतो, मध्येच खिंड पडलेली असते. अशा वेळी दर दहा मीटरांवर आडवा छेद घेऊन त्यांची क्षेत्रफळे काढावीत आणि बांधकाम खात्यात मातीकामाचे माप काढण्यासाठी जी रीत वापरतात तीच वापरावी. रस्त्याच्या भरावाची मोजणी ज्यांनी केली आहे त्यांना यात काहीही नवे वाटणार नाही.

घनफळाचे टन कसे होतात

जुन्या काळी धान्य मापाने मोजले जाई, वजनाने नव्हे. कोकण-गोव्यातील भाताचे व्यवहार कुडव-खंडीच्या मापाने होत. त्यामुळे राशीचे घनफळ निघाले की काम संपले. संमतीपत्रातील मर्यादा मात्र टनांत असते, आणि तपासनिसाची खरी अडचण घनफळ निघाल्यानंतर सुरू होते.

एक घनमीटर ढिगात किती वजनाचा कोळसा मावतो? दगडी कोळशाचा सलग तुकडा पाण्यापेक्षा जड असतो. परंतु ढिगात तुकड्यांच्या मध्ये हवा असते. सैल टाकलेल्या फुटलेल्या कोळशाचे घनमीटरला वजन सामान्यतः ०.८० ते ०.९५ टन भरते. बुलडोझर फिरवून दाबलेल्या ढिगात ते एक टनाच्याही वर जाऊ शकते. ढीग दाबण्यामागे कारण असते. सैल ढिगात हवा खेळते, कोळसा हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तापतो आणि आतून आपोआप पेट घेतो. ही आपत्ती टाळण्यासाठी दीर्घकाळ राहावयाचा साठा थराथराने दाबतात. तेव्हा दिसायला सारख्याच असलेल्या दोन ढिगांत वजन पुष्कळ वेगळे असू शकते.

ओलाव्याचा परिणाम आणखी फसवा आहे. बारीक कोळसा थोडासा ओला झाला की कण एकमेकांना चिकटून मध्ये पोकळ्या राहतात व ढीग फुगतो. ओल्या वाळूच्या फुगण्याचा अनुभव बांधकामावरील प्रत्येक मुकादमास असतो. पुढे पाणी आणखी वाढले की ढीग बसतो आणि जड होतो. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या महिन्यांत उघड्यावरील ढीग चिंब असतात. त्या दिवसांत केलेल्या मोजणीत जे टन येतात त्यांतील काही टन पावसाचे असतात. मर्यादा ओल्या वजनावर आहे की कोरड्या, याचा उल्लेख संमतीपत्रात नसेल तर साठाधारक व मंडळ आपापल्या सोयीचा अर्थ लावणार हे उघड आहे.

आता वरील १४,९६५ घनमीटरांच्या ढिगाकडे वळू आणि संमतीपत्रातील मर्यादा १२,००० टन आहे असे समजू. घनमीटरला ०.८० टन धरले तर साठा ११,९७२ टन भरतो, म्हणजे मर्यादेच्या आत अवघ्या २८ टनांनी. ०.८५ धरले तर १२,७२० टन, मर्यादा ओलांडली. ०.९५ धरले तर १४,२१७ टन. ढीग तोच, फीत तीच, मोजणारे तेच. परंतु एक आकडा कोणता निवडावा यावर साठाधारक निर्दोष किंवा दोषी ठरतो. अंदाजाच्या या खेळात अन्याय दोन्ही बाजूंना होऊ शकतो, हे विसरता कामा नये.

गोव्याला हा अनुभव लोहखनिजाच्या बाबतीत आलेला आहे. २०१२ मध्ये खाणकाम बंद झाल्यावर काढून ठेवलेल्या खनिजाचे ढीग ठिकठिकाणी पडून राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या खनिजाची गणना करून ई-लिलावाने विक्री करण्यास अनुमती दिली. खनिजाचे घनमीटरला वजन कोळशाच्या कितीतरी पट असल्यामुळे तेथे घनतेतील लहानशी चूकही मोठ्या रकमेची होते. कोळशाच्या साठ्यात पैशांऐवजी संमतीपत्राची अट पणाला लागते, एवढाच फरक.

घनता ठरविण्याचे मार्ग

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्ञात घनफळाची पेटी भरून तिचे वजन करणे. परंतु पेटीतील कोळसा ढिगाच्या पोटातील कोळशाइतका दाबलेला नसतो, म्हणून हा आकडा बहुधा कमी येतो. आणि साठा कमी दाखविणे ज्यांच्या हिताचे आहे त्यांना तो आवडतो, हेही ओघाने आलेच.

याहून विश्वसनीय असा मार्ग ढिगातूनच निघतो. एका मालगाडीत साधारणतः साडेतीन ते चार हजार टन कोळसा जातो व त्याच्या वजनाची नोंद रेल्वेकडे होते. गाडी भरण्यापूर्वी ढीग मोजावा आणि भरल्यानंतर पुन्हा मोजावा. समजा, ढीग ४,४०० घनमीटरांनी कमी झाला आणि गाडीत ३,८०० टन गेले. तर त्या ढिगाचे घनमीटरला वजन ०.८६ टनांहून किंचित अधिक ठरते. हा आकडा पुस्तकातला नसून त्याच कोळशाचा, त्याच दाबाचा आणि त्याच दिवसाच्या ओलाव्याचा असतो. तो वरील ढिगास लावला तर साठा सुमारे १२,९३० टन होतो, म्हणजे मर्यादेहून सुमारे ९३० टन, अर्थात पावणेआठ टक्के अधिक. सकाळी व सायंकाळी अशा दोन मोजण्यांचे कष्ट घेतले की वादातील मुख्य मुद्दा निकालात निघतो.

पावणेआठ टक्के हा फरक पुरेसा म्हणावा काय? कोल इंडियाच्या हिशेबपद्धतीत नोंदवहीतील साठा व प्रत्यक्ष मोजलेला साठा यांत ५ टक्क्यांपर्यंतचा फरक असेल तर नोंदवहीतील आकडाच ग्राह्य धरतात. ज्यांचा व्यवसायच कोळशाचा आहे तेही मोजणीकडून याहून अधिक अचूकतेची अपेक्षा ठेवत नाहीत, असा याचा अर्थ होतो. तेव्हा मर्यादेपेक्षा दोन-तीन टक्के अधिक साठा आढळला म्हणून कारवाई करणे धाडसाचे ठरेल, आणि सात-आठ टक्के आढळल्यावर 'मोजणीतील चूक' म्हणून सोडून देणे तितकेच चुकीचे ठरेल.

ढिगाखालची जमीन

ढिगाची वरची बाजू सर्वांना दिसते. खालची कोणालाच दिसत नाही. मोजणीत तळ सपाट धरतात, परंतु हजारो टनांच्या भाराखाली मऊ जमीन खचते व कोळसा तिच्यात रुतून बसतो. वरील ढिगाचा तळ सुमारे ३,४७६ चौरस मीटर आहे. तो सरासरी वीस सेंटिमीटर खचलेला असेल तर जवळजवळ ७०० घनमीटर, म्हणजे सहाशे टनांच्या आसपास कोळसा हिशेबाबाहेर राहतो. उलट जमीन मध्ये उंचवट्याची असेल तर तेवढा कोळसा नसताना धरला जातो. काँक्रीटचा तळ असेल तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. इतरत्र आवार रिकामे असताना तळाची पातळी एकदा मोजून तो नकाशा मंडळाच्या दप्तरी ठेवणे हाच उपाय आहे. हे काम ढीग उभे राहण्यापूर्वीच करता येते. नंतर करू म्हटल्यास ढीग हलविण्याची वाट पाहावी लागते.

आकाशातून पाहणी

टोटल स्टेशन या यंत्राने ढिगावरील शेकडो बिंदूंची स्थाने मोजता येतात. ड्रोनवरून घेतलेल्या, एकमेकांवर चढणाऱ्या छायाचित्रांवरून तर ढिगाच्या पृष्ठभागाचा संपूर्ण नकाशा तयार होतो व ढिगावर चढण्याची जोखीमही टळते. मात्र जमिनीवर ज्ञात पातळीच्या खुणा ठेवल्याखेरीज उंचीचे आकडे विश्वासार्ह होत नाहीत. मुरगावच्या बाबतीत दाबोळीचा विमानतळ, जो नौदलाचाही तळ आहे, जवळच असल्यामुळे ड्रोन उडविण्यापूर्वी परवानगीचा विचार करणे प्राप्त आहे. जेथे साठा छताखाली असतो तेथे ड्रोन निरुपयोगी असून छताला किंवा खांबांना बसविलेली लेसर-यंत्रे वापरावी लागतात.

यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी ते घनफळच मोजते. सेंटिमीटरपर्यंत अचूक असलेल्या घनफळास अंदाजाने धरलेल्या घनतेने गुणले तर उत्तर अंदाजाचेच राहते. संगणकाने छापून दिलेल्या अहवालात टनांचा आकडा एककापर्यंत दिलेला असतो. त्याने दिपून न जाता घनता कोठून घेतली हे प्रथम विचारावे.

उपग्रहांची छायाचित्रे आता कोणासही विनामूल्य पाहता येतात. युरोपीय सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रह अनुक्रमे २०१५ व २०१७ मध्ये सोडल्यापासून एकाच जागेचे चित्र दर पाच दिवसांनी मिळू लागले. नागरिकांच्या संघटना यांचा आधार घेतात, म्हणून त्यांची मर्यादा सांगणे अवश्य आहे. त्यातील सर्वांत बारीक ठिपका जमिनीवरील दहा मीटरांचा असतो; चोवीस मीटर रुंदीचा ढीग त्यात जेमतेम अडीच ठिपक्यांचा दिसतो. सावलीवरून उंची काढण्याची युक्ती येथे चालत नाही. हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातो. त्या वेळी गोव्यात सूर्य डिसेंबरातही क्षितिजावर सुमारे ४५ अंश असतो, म्हणजे ढिगाच्या ३७ अंशांच्या उतारापेक्षा अधिक उंच. अर्थात ढिगाची सावली त्याच्या स्वतःच्या उतारावरच संपते, जमिनीवर पडतच नाही. काळ्या डागाचा विस्तार किती वाढला वा घटला एवढे मात्र ही चित्रे प्रामाणिकपणे सांगतात. साठ्यासाठी जागेची हद्द आखून दिलेली असेल तर तिच्या बाहेर कोळसा केव्हा गेला याचा तारीखवार पुरावा त्यांतून मिळतो. पावसाळ्यातील ढगांमुळे तो काही महिने खंडित होतो, हे अर्थातच लक्षात ठेवावे.

कागदावरचा ढीग

प्रत्यक्ष मोजणीस ताडा देणारा दुसरा हिशेब कागदपत्रांवरून होतो. जहाजातून उतरलेला कोळसा, जहाज रिकामे होण्यापूर्वी व नंतर पाण्यात किती बुडाले होते यावरून काढतात. बाहेर गेलेला कोळसा रेल्वेच्या वजनावरून कळतो. आलेल्यातून गेलेला वजा केला की शिल्लक साठा राहावा. जहाजावरील या मोजणीत अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक संभवते. सत्तर हजार टनांच्या जहाजावर ती साडेतीनशे टनांची होते, आणि अशी अनेक जहाजे आली की चुकांची बेरीज किंवा वजाबाकी होत राहते. म्हणून नोंदवही अधूनमधून ढिगाशी ताडून पाहणे आवश्यक असते. एका हिशेबाने दुसऱ्यास दुजोरा दिला तर प्रश्नच मिटला. दोहोंत मोठी तफावत आली तर ती समजावून सांगण्याची जबाबदारी साठाधारकावर येते, आणि चौकशीला खरी दिशा बहुधा तेथूनच मिळते.

टन आणि धूळ

रहिवाशांना त्रास टनांचा होत नाही, धुळीचा होतो. वारा ढिगाच्या पोटातील कोळशास स्पर्श करीत नाही; तो उघड्या पृष्ठभागावरून भुकटी उचलतो. वरील ढिगाचा पृष्ठभाग सुमारे ४,३४५ चौरस मीटर आहे. उंची निम्मी म्हणजे साडेचार मीटर ठेवावी अशी अट घातली तर तेवढाच कोळसा त्याच लांबीच्या जवळजवळ चार ढिगांत ठेवावा लागेल आणि एकूण पृष्ठभाग सुमारे ८,५०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दुप्पट होईल. कमी उंचीवर वारा मंद असतो हा लाभ खरा. परंतु फवारा व आच्छादन दुप्पट क्षेत्रास पुरवावे लागते हा तोटाही तितकाच खरा. शिवाय पट्ट्यावरून कोळसा पडताना, वाघिणी भरताना आणि आवारात वाहने फिरताना उडणारी धूळ ढिगाच्या आकारावर अवलंबून नसते. त्यामुळे साठा मर्यादेत आहे एवढ्यावरून वस्तीतील हवा स्वच्छ आहे असे म्हणता येत नाही. त्यासाठी हवेचीच तपासणी हवी. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

पंचनामा कसा असावा

मोजणीचे कागद सुनावणीत टिकावयाचे असतील तर त्यांत निष्कर्षापेक्षा मापे अधिक असावीत. दिनांक व वेळ, धक्क्यावर जहाज होते किंवा नाही, गेल्या काही दिवसांतील पाऊस, प्रत्येक ढिगाची लांबी, रुंदी व उंची, मोजणीच्या जागा दाखविणारा कच्चा नकाशा, घनता कोठून घेतली आणि तळ कसा धरला, हे सर्व लिहून साठाधारकाच्या प्रतिनिधीची स्वाक्षरी जागच्या जागी घ्यावी. टनांचा एकच आकडा न देता 'किमान इतके, कमाल इतके' असे दोन आकडे द्यावेत. किमान आकडाच मर्यादेच्या वर असेल तर पुढे वादास जागा उरत नाही. शहाण्या साठाधारकास अशी मोजणी नकोशी वाटण्याचे कारण नाही. ऐकीव आरोपाला तीच त्याचे उत्तर असते.

संमतीपत्राचे नूतनीकरण होते त्या वेळी टनांच्या अटीसोबत उंचीची व जागेची अटही स्पष्टपणे घातली, तर तपासणीचे काम पुष्कळ सुकर होते, कारण या दोन गोष्टींना घनतेची गरज नसते. साठ्याच्या कडेने ठराविक अंतरावर खांब उभे करून त्यांवर अनुज्ञेय उंचीची ठळक पट्टी रंगविण्यास फारसा खर्च येत नाही. ढिगाचा माथा पट्टीच्या वर गेला की नाही हे तपासनिसाला फीत न उलगडता कळते, आणि खांब पुरेसे उंच व कुंपणालगत असतील तर पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते दिसते.